हवेची गळती: फिटिंग बदलूनही दाब का टिकत नाही?

प्रश्न : जळगाव एमआयडीसीत आमची डाळ मिल आहे. कलर सॉर्टरच्या (रंगावरून खराब दाणे हवेच्या झोताने वेगळे करणाऱ्या मशिनच्या) हवेच्या लाइनवरचे पुश फिटिंग (ट्यूब नुसती दाबून बसवायचे, आतल्या दातांनी ती धरणारे जोड) दर उन्हाळ्यात गळतात. बदलले, तरी तेच. महागातले घ्यावेत का?

आधी गळती मोजा. सगळ्या मशिनी बंद आणि कॉम्प्रेसर चालू ठेवून तो किती वेळ लोडवर येतो (हवा भरतो), किती वेळ अनलोडवर राहतो (नुसता फिरतो), ते घड्याळ लावून टिपा. लोड 2 मिनिटे, अनलोड 6 मिनिटे आले, तर 8 पैकी 2, म्हणजे 25 टक्के हवा नुसती गळतीत जाते. नीट राखलेल्या लाइनवर हा आकडा 10 टक्क्यांच्या आत असतो. 7 बार दाबाला 3 मिलिमीटरचे एकच भोक सुमारे 5 हॉर्सपॉवर खाते. नवे फिटिंग त्यापुढे स्वस्तच.

मग साबणाचे पाणी लावून प्रत्येक जोड बघा. जिथे फुगे येतील तिथली हवा सोडून ट्यूब बाहेर काढा आणि तिचे टोक निरखून पाहा. पक्कडीने कापलेले टोक तिरके आणि चपटे असते. ते फिटिंगमधल्या ओ-रिंगवर (हवा अडवणाऱ्या रबरी कड्यावर) एका बाजूलाच टेकते, दुसऱ्या बाजूने हवा निसटते. शिवाय फिटिंगच्या दातांचे ओरखडे ट्यूबवर राहतात. तीच ट्यूब नव्या फिटिंगमध्ये घातली, तर नवे फिटिंगही गळणारच. म्हणून टोकाचे 15 मिलिमीटर ट्यूब कटरने काटकोनात कापा, शेवटच्या अडणीपर्यंत दाबा आणि ओढून खात्री करा. पहिले 4-5 सेंटिमीटर ट्यूब सरळ हवी. तोंडाशीच वळवली तर लंबगोल होते.

उन्हाळ्यात गळण्याचे कारण पीयू (पॉलियुरेथेन) ट्यूब. तिच्यावर छापलेला दाब साधारण 20-25 अंशांसाठीचा असतो. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली ती मऊ पडते आणि दातांची पकड ढिली होते. पत्र्याजवळच्या भागात नायलॉन ट्यूब आणि निकेल चढवलेले पितळी फिटिंग घ्या. पैसे तिथे घाला. कॉम्प्रेसर ते टाकी या गरम टप्प्यात मात्र धातूचाच पाइप.

आटेही तपासा. बीएसपी (ब्रिटिश) आणि एनपीटी (अमेरिकन) ही पाइपच्या आट्यांची दोन मापे. अर्धा इंचीत दोन्हींना इंचाला 14 आटे, त्यामुळे एकमेकांत ते सहज धरतात. पण आट्यांचा कोन 55 आणि 60 अंश असा वेगळा, म्हणून कितीही टेप लावा, गळती राहते. पाव इंचीत 19 आणि 18 आटे असतात. तिथे दोन-तीन फेऱ्यांतच अडते, जोर लावू नका. निमुळत्या आट्यांना टेफ्लॉन टेपचे 2-3 वेढे पुरतात. पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर टेपचे तुकडे सॉर्टरच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतात. सरळ आट्यांचे सील वॉशरवर होते. तिथे टेप नको, वॉशर बदला.

प्रश्न : धुळ्यात गॅरेज आहे. पाण्याचा पीव्हीसी पाइप हवेला चालेल का? त्यावर 10 किलोचा दाब छापलाय.

अजिबात नाही. तो आकडा पाण्याचा. पाणी दाबले जात नाही, हवा दाबून साठते; पाइप तडकला की तुकडे उडून माणसाला लागतात. उन्हाने पीव्हीसीची ताकद आणखी घटते. जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) किंवा अॅल्युमिनियम पाइप टाका. मुख्य लाइनला 100 फुटांत 1 फूट उतार देऊन शेवटी पाणी काढायचा कॉक बसवा आणि प्रत्येक फाटा लाइनच्या वरच्या बाजूने काढून खाली वळवा, म्हणजे साचलेले पाणी हत्यारात जाणार नाही. जीआय आतून गंजतो, तेव्हा प्रत्येक फाट्यावर फिल्टर हवाच.