वाचकांचे प्रश्न : जुन्या मोटारींचे वायरिंग

प्रश्न : आजोबांची १९५८ची मॉरिस मायनर १००० वीस वर्षे पडवीत उभी आहे. डॅशबोर्डखालचे वायरिंग उंदरांनी कुरतडले आहे आणि इंजिनाजवळच्या वायरींना हात लावला की वरचे आवरण भुकटी होऊन पडते. आमचे ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणतात की जुने सगळे ओढून काढावे, हल्लीच्या वायरी टाकाव्यात आणि ‘उलटे अर्थिंग’ही सरळ करून घ्यावे. त्यांचे ऐकावे का? तयार हार्नेस, म्हणजे सगळ्या वायरींचा एकत्र बांधलेला जुडगा, कुठे मिळेल?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आवरणाची भुकटी होत असेल तर नवे हार्नेस घालण्यावाचून गत्यंतर नाही, कारण आतले रबर एकदा कडक होऊन तडकले की एका जागी टेप गुंडाळेपर्यंत ते दुसऱ्या जागी सुटते. तेवढ्यापुरते तुमचे इलेक्ट्रिशियन बरोबर आहेत. परंतु ‘ओढून काढावे’ हे मात्र कदापि ऐकू नका. कोणती वायर कुठून निघते, कुठे फाटा फुटतो आणि कोणत्या छिद्रातून पलीकडे जाते, हे सारे त्या कुरतडलेल्या जुन्या हार्नेसमध्येच नोंदलेले आहे. नवे बसून प्रत्येक दिवा लागेपर्यंत ते टाकून देऊ नये. प्रथम बॅटरी सोडवावी, छायाचित्रे काढावीत, प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधून तिच्यावर वायरीचा रंग आणि टर्मिनलचे अक्षर लिहावे, मग ते अखंड काढून प्लायवुडच्या फळीवर खिळ्यांच्या आधाराने जसेच्या तसे मांडावे.

रंग उडाले असतील तर कनेक्टरच्या रबरी नळीत दडलेला टोकाचा भाग पाहावा. तिथे ऊन आणि तेल पोहोचलेले नसल्याने मूळ रंग बहुधा शाबूत असतो. तुमच्या गाडीची विद्युतसामग्री लुकास कंपनीची आहे आणि त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांची रंगभाषा एकदा कळली की निम्मे काम झाले असे समजावे. तपकिरी म्हणजे बॅटरीकडून फ्यूजविना येणारा मुख्य पुरवठा, पांढरी म्हणजे किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी, हिरवी म्हणजे तोच पुरवठा फ्यूज ओलांडून पुढे गेलेला, निळी हेडलाइटची, लाल बाजूच्या व मागच्या दिव्यांची आणि काळी अर्थची. निळीवर पांढरी रेघ असल्यास अप्पर, लाल रेघ असल्यास डिपर. ‘हल्लीच्या वायरी’ म्हणून एकाच लाल रंगाचे भेंडोळे आणून सारी गाडी ओढली, तर पाच वर्षांनी दोष शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही, आणि तो शोधणारा बहुधा तुम्हीच असाल.

वायरीची जाडीही महत्त्वाची आहे. आजच्या मापात ०.३० मिलिमीटरच्या १४ तारांची वायर सुमारे पावणेनऊ अँपिअर, २८ तारांची साडेसतरा, तर ४४ तारांची सुमारे पंचवीस अँपिअर प्रवाह वाहते. दिव्यांना पहिली किंवा दुसरी पुरते, मुख्य पुरवठ्याला तिसरी किंवा त्याहून जाड लागते. या गाडीत फ्यूज दोनच आहेत आणि हेडलाइटच्या वाटेवर एकही नाही, त्यामुळे तिथे बारीक वायर घालणे म्हणजे आगीला आमंत्रण देणे आहे.

पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसच्या परिसरात वायर, लग (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) आणि बुलेट कनेक्टर (एकमेकांत खुपसायचे गोल जोड) मिळतील, पण मायनरचे तयार हार्नेस तिथे मिळण्याची आशा धरू नये. ते इंग्लंडमधून मागवणे शहाणपणाचे ठरेल. नॉटिंगहॅमजवळच्या सँडिएकर येथील ‘ऑटोस्पार्क्स’ ही संस्था अशा जुन्या गाड्यांसाठी मूळ नमुन्याबरहुकूम, सुती विणीचेही, हार्नेस बनवते. मागवताना चॅसी क्रमांक, उजव्या हाताचे स्टिअरिंग, दारांची संख्या, बॅटरी चार्ज करणारा जनित्र जुन्या पद्धतीचा डायनॅमो आहे की नंतरचा अल्टरनेटर, आणि वळताना खांबातून बाहेर येणारे ‘हात’ आहेत की लुकलुकणारे दिवे, हे सारे कळवावे. यातला एक तपशील चुकला तरी हजारो रुपयांचे हार्नेस दोन वायरींनी अपुरे पडते, आणि सीमाशुल्क तर भरून झालेले असते.

राहता राहिले ‘उलटे अर्थिंग’. मायनरमध्ये बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. ती चूक नसून त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांची पद्धत आहे आणि गाडी तशीच उत्तम चालते. आधुनिक रेडिओ बसवायचा नसेल तर बदलू नये, असे माझे मत आहे. बदलायचेच असेल तर केवळ बॅटरीची टोके उलटवून भागत नाही. इग्निशन कॉइलवरच्या दोन बारीक वायरींची अदलाबदल करावी लागते आणि डायनॅमोच्या एफ टर्मिनलवरची वायर सोडवून त्या टर्मिनलला बॅटरीच्या जिवंत वायरीचा दोन-तीनदा क्षणभर स्पर्श करावा लागतो. हे विसरल्यास डायनॅमो उलट दिशेने चार्ज करू लागतो आणि कटआउटचे (डायनॅमो आणि बॅटरी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्वयंचलित स्विचचे) पॉइंट जळतात.

प्रश्न : माझ्या प्रीमियर पद्मिनीचे हेडलाइट मिणमिणते आहेत आणि फ्यूजची पेटी हाताला गरम लागते. पूर्ण वायरिंग बदलावे लागेल असे सांगण्यात आले आहे.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी वीस मिनिटे मल्टिमीटर घेऊन बसा. दिवे चालू ठेवून बॅटरीच्या धन टोकापासून दिव्याच्या पुरवठ्याच्या टोकापर्यंत किती व्होल्ट पडतात ते मोजा, आणि मग दिव्याच्या अर्थपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत. कुठेही अर्ध्या व्होल्टहून अधिक घट दिसली तर दोष त्याच वाटेवर आहे. अनेकदा तो वायरीच्या मधल्या भागात नसून टोकांशी, म्हणजे गंजलेल्या अर्थच्या बोल्टखाली किंवा सैल पडलेल्या फ्यूजच्या पकडीत असतो. टोकदार सिरॅमिक फ्यूजच्या टोकांवर काजळी धरली की संपर्क बिघडतो आणि पेटी तापते. पकडी घासून, किंचित वाकवून घट्ट कराव्यात आणि फ्यूज नवे घालावेत. त्यानंतरही तक्रार राहिली तर रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच, बसवावेत. ५५ वॅटचे दोन बल्ब मिळून नऊ अँपिअरांहून अधिक प्रवाह घेतात, आणि तो सारा जुन्या स्विचमधून नेण्याचे कारण नाही.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली. तिचे वायरिंग तोंडपाठ असलेला एखादा वयस्कर कारागीर तुमच्या ओळखीत असेल तर त्याला आताच गाठा.

प्रश्न : वायरींचे सांधे डागावेत (सोल्डर करावेत) की पक्कडीने दाबावेत?
— एक वाचक, सांगली

उत्तर : योग्य पक्कडीने दाबलेला लग उत्तम. डागले तर सोल्डर वायरीच्या आत वर चढते, तो भाग ताठर होतो आणि कंपनाने नेमका त्याच्या कडेला तुटतो. म्हणून डागलेल्या सांध्याला हलू न देता क्लिपने बांधावे. गुंडाळण्यासाठी चिकट टेप वापरू नये. आपल्याकडच्या उन्हात बॉनेटखाली त्याचा डिंक पाझरतो आणि पुढच्या वेळी उलगडणाऱ्याचे हात काळे होतात. गोंद नसलेली पीव्हीसी टेप किंचित ताणून, निम्मा थर निम्म्यावर चढवत गुंडाळावी आणि फक्त शेवटचे टोक चिकटवावे.