‘इनलाइन’ आणि ‘ब्लॉक’ला मराठीत काय म्हणावं?

ऐरोलीत वेब डिझाइनचे वर्ग घेणाऱ्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: ‘मराठी टिपणांत ब्लॉक एलिमेंटला “खंड घटक” आणि इनलाइनला “रेषांतर्गत घटक” लिहिलं, पण मुलांच्या डोक्यावरून गेलं. दुसरे शब्द आहेत का?’

आहेत. वेबपानावरचा प्रत्येक तुकडा म्हणजे एलिमेंट, घटक: मजकुराच्या ओळीतच बसतो तो इनलाइन, नवी ओळ घेतो तो ब्लॉक. ‘रेषांतर्गत’ आधी काढून टाका. इथली लाइन म्हणजे रेघ नव्हे, मजकुराची ओळ. ‘ओळीतला घटक’ म्हणा, काम झालं.

ब्लॉकचं जरा अवघड आहे. ‘खंड’ म्हटलं की ग्रंथाचा खंड आठवतो, नाहीतर कामात पडलेला. ‘ब्लॉक’च ठेवावा, तर ठाणे-नवी मुंबईत ब्लॉक म्हणजे राहती जागा किंवा रविवारचा मेगाब्लॉक, हा घटक काहीतरी अडवून धरतो, असं मुलांना वाटणारच. ‘चौकट’ सोपा आहे, पण सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप आणि मांडणी ठरवणाऱ्या भाषेत, चौकट ओळीतल्या घटकालाही असते.

मी ‘स्वतंत्र ओळीचा घटक’ म्हणेन. मथळा, परिच्छेद नव्या ओळीवर सुरू होतात आणि पुढचा मजकूर खाली जातो. ‘पूर्ण रुंदीचा’ मात्र म्हणू नका: परिच्छेदाची रुंदी निम्मी केली, तरी रिकाम्या जागेत पुढचा परिच्छेद येऊन बसत नाही.

वर्गात हे दाखवायला परिच्छेदातली ‘तिकीट काढा’ ही लिंक घ्या. तिला रुंदी-उंची द्या; काही फरक पडणार नाही. मग पार्श्वरंग देऊन वर-खाली पॅडिंग (मजकुराभोवतीची आतली मोकळी जागा) वाढवा. रंग पसरेल, पण ओळी जागच्या हलणार नाहीत, आणि वरच्या ओळीतले उकार त्या रंगाखाली झाकले जातील. देवनागरीत हे लगेच डोळ्यांत भरतं, म्हणून उदाहरण मराठी मजकुराचंच घ्या. आता डिस्प्लेला (घटक कसा मांडायचा हे ठरवणाऱ्या सीएसएसमधल्या गुणधर्माला) इनलाइन-ब्लॉक ही किंमत द्या: लिंक ओळीतच राहते, रुंदी-उंची मानते, आणि ओळी तिला जागा करून देतात. हिला ‘ओळीतली चौकट’ म्हणावं. चौकट हा शब्द इथे शोभतो. कोडमधले शब्द अर्थातच मूळचेच राहतील.

एक आग्रह आहे. ओळीत बसणं ही टॅगची (कोडमध्ये घटकाला लावलेल्या खुणेची) जात नाही, ते डिस्प्लेवर ठरतं. मजकुराच्या तुकड्याला लावतात त्या स्पॅन टॅगला ब्लॉक केलं की तोही स्वतंत्र ओळ घेतो. तेव्हा ‘स्पॅन हा ओळीतला घटक आहे’ याऐवजी ‘स्पॅन एरवी ओळीत बसतो’ असं लिहा.