तिसऱ्या वळणावरची सीट

प्रश्न: मावशी, आमचा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या कोलंबसला असतो. येत्या मे महिन्यात मी आणि हे त्याच्याकडे जातोय आणि तो म्हणतोय की इंडियानापोलिसची ५०० मैलांची रेस बघायचीच. तुम्ही मागे लिहिलं होतंत की तुम्ही कितीतरी वर्षं दर मे महिन्यात तिथे जाता. खरं सांगा, गाड्या तीन तास गोल गोल फिरणार, त्यात बघायचं काय? आणि साठी उलटलेल्या माणसांना झेपेल का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर: ताई, नक्की जा. आणि मुलाला आत्ताच सांगा, तिकीट वळणावरचं काढ, तेही जरा वरच्या रांगेतलं. पहिल्यांदा जाणारे सगळे स्टार्ट-फिनिश लाइनसमोर बसायला धावतात. तिथे पिट स्टॉप, म्हणजे टायर-इंधनासाठी गाड्या थांबतात ते, दिसतात हे खरं, पण गाडी डोळ्यांसमोरून सूंऽऽ करून गेली की संपलं. ट्रॅक अडीच मैलांचा, म्हणजे चार किलोमीटर, बहुतेक सीटवरून त्याचा एखादा तुकडाच नीट दिसतो, मग तो तुकडा असा निवडावा जिथे काहीतरी घडतं.

आम्ही ऐंशीच्या दशकात इकडे आलो तेव्हा यांच्या ऑफिसमधल्या एकाने त्याच्याकडची जादाची दोन तिकिटं आम्हाला दिली, ती तिसऱ्या वळणावरची होती. इथे पद्धत अशी की एकदा तिकीट घेतलं की पुढच्या वर्षासाठी तीच सीट रिन्यू करता येते, त्यामुळे माणसं पिढ्यानपिढ्या एकाच जागी बसतात. आमच्या शेजारचं शेतकरी जोडपं आता येत नाही, त्यांचा नातू येतो, त्याला मी दुपट्यात पाहिलंय. वर्षातून एकच दिवस भेटणारी ही माणसं, पण घरचं सगळं एकमेकांना माहीत असतं. कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कोणाच्या मुलीचं लग्न झालं, हे सगळं रेस सुरू व्हायच्या आधी बोलून होतं कारण नंतर आवाजात काही ऐकूच येत नाही.

आता बघायचं काय ते सांगते. दुसऱ्या वळणातून निघालेली गाडी मागच्या सरळ पट्ट्यावर जवळजवळ एक किलोमीटर सुसाट येते. पुढची गाडी हवा कापते, मागची मुद्दाम तिला चिकटून राहते म्हणजे तिला हवेचा विरोध कमी, इंधनही वाचतं, आणि तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी ती झटकन बाजूला निघते. पण वळण तसं अरुंद, आतल्या बाजूचा उतार जेमतेम नऊ अंशांचा, दोन गाड्यांनी शेजारी शेजारी वळायचं म्हणजे कोणीतरी मन घट्ट करायला लागतं आणि कोणीतरी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायला लागतो. ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास वेग असताना हे ठरतं. एकदा हे कळलं ना, की तीन तास कसे गेले समजत नाही.

१९८९ ची रेस मी मरेपर्यंत विसरणार नाही. २०० लॅपची, म्हणजे फेऱ्यांची रेस, १९९ वी लॅप, एमर्सन फिटिपाल्डी आणि अल अन्सर ज्युनियर दोघंच पुढे, बाकीचे कित्येक लॅप मागे. आमच्या समोर दोघं एकत्र वळणात शिरले, कोणीच पाय उचलला नाही, चाकाला चाक लागलं आणि अन्सरची गाडी गरगर फिरत भिंतीवर. अख्खा स्टँड उभा. मी तर डोळेच मिटले होते, हे म्हणाले अगं बघ, तो उतरलाय. तो नुसता उतरला नाही, ट्रॅकच्या कडेला चालत गेला, आणि पिवळ्या झेंड्याखाली, म्हणजे अपघातानंतर सगळे हळू चालवतात तेव्हा, फिटिपाल्डी परत आमच्या समोरून गेला तेव्हा त्याला अंगठा दाखवून शाबासकी दिली! जिंकता जिंकता भिंतीवर गेलेला माणूस. माझ्या मुलांना हार कशी घ्यायची हे शिकवायची वेळ आली तेव्हा मी हेच सांगितलं. तीन वर्षांनी, १९९२ मध्ये, तोच अन्सर स्कॉट गुडइयरच्या फक्त ०.०४३ सेकंद पुढे राहून जिंकला, आणि त्या दिवशी आमच्या रांगेत जो आनंद झाला तो आधीचं सगळं पाहिलेल्यांनाच कळेल. तो शेवट आम्हाला दिसला नाही, रेडिओवर ऐकला. म्हणून सांगते, कानाला लावायचा छोटा रेडिओ न्या. तुमच्या नजरेआड ट्रॅकवर काय चाललंय ते त्यावर कळतं.

झेपण्याचं म्हणाल तर झेपेल. सकाळी लवकर पोचा, गेट सहाच्या सुमारास उघडतात, रेस दुपारी पाऊणच्या आसपास सुरू होते. अडीच लाखांच्या घरात नुसत्या सीट्स आहेत, त्यामुळे चालणं भरपूर. टोपी, उन्हाचं क्रीम, बसायला उशी, आणि कानात घालायचे इयरप्लग विसरू नका. डबा आत नेता येतो, काचेची बाटली चालत नाही. आम्ही दरवर्षी तिखटमिठाच्या पुऱ्या नेतो, शेजारच्या नातवाला त्या इतक्या आवडतात की तो आल्या आल्या डबा कुठेय विचारतो.

एक मात्र मनाची तयारी ठेवून जा, हा खेळ जीवावरचा आहे. २०११ मध्ये डॅन व्हेल्डन इथे जिंकला आणि त्याच ऑक्टोबरमध्ये लास वेगासच्या रेसमध्ये अपघातात वारला, आमच्या घरी दोन दिवस कोणी नीट जेवलं नाही. २००२ पासून इथल्या वळणांवर काँक्रीटच्या भिंतीपुढे स्टीलच्या नळ्या आणि मध्ये फोम अशी धक्का सोसणारी भिंत आहे, तिच्यामुळे कितीतरी ड्रायव्हर चालत घरी गेलेत. तरी भीती वाटते, दरवर्षी वाटते.

प्रश्न: जिंकणारा दूध का पितो? — एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर: मुळात ते ताक होतं बाळा! लुई मेयर नावाचा ड्रायव्हर १९३६ मध्ये जिंकल्यावर बाटलीतून ताक प्यायला, उन्हात ताक प्यावं ही त्याच्या आईची शिकवण. तो फोटो पेपरात आला, दूधवाल्यांनी उचलून धरलं आणि पुढे त्याची प्रथा झाली. १९९३ मध्ये जिंकल्यावर फिटिपाल्डीने आधी संत्र्याचा रस प्यायला, त्याच्या स्वतःच्या संत्र्याच्या बागा होत्या, तर लोकांनी त्याची हुर्यो उडवली. मला वाईट वाटलं, पण लोकांचंही चुकलं नाही.

प्रश्न: माझे सासरे पुण्याला डिझेल इंजिनं बनवणाऱ्या किर्लोस्कर कमिन्समध्ये होते. ते म्हणायचे की कमिन्सची डिझेल गाडी या रेसमध्ये पहिली आली होती. खरं का? — एक वाचक, कर्वेनगर

उत्तर: रेसमध्ये नाही, पण रेसच्या आधी जे वेगाचं क्वालिफाइंग असतं त्यात पहिली, १९५२ साली. फ्रेड अगाबाशियन ड्रायव्हर, ताशी १३८ मैल. ट्रकचं अवजड इंजिन आडवं झोपवून बसवलं होतं आणि त्याला टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा, लावला होता. रेसमध्ये मात्र ट्रॅकवरचा कचरा टर्बोच्या तोंडाशी अडकला आणि गाडी थांबली. मला विचाराल तर त्याहून मोठी गोष्ट १९३१ ची आहे, तेव्हा कमिन्सच्याच डिझेल गाडीने एकदाही न थांबता अख्खे ५०० मैल पूर्ण केले, असं करणारी ती पहिली गाडी. तेरावा नंबर आला, पण इंजिन किती दमदार आणि किती कमी इंधन पिणारं ते सगळ्यांना दिसलं. कमिन्स मूळची कोलंबसची, इथून तासाभरावर, त्यामुळे आमच्या गावात हा विषय काढा, कोणीही आनंदाने अर्धा तास बोलेल.

प्रश्न: पाऊस आला तर तिकिटाचे पैसे बुडाले? — तोच मुलगा, कोलंबस (आईने प्रश्न पाठवल्याचं कळल्यावर)

उत्तर: ओल्या ट्रॅकवर ही रेस धावत नाही. थांबतात, वाळवतात, नाहीच जमलं तर पुढच्या कोरड्या दिवशी घेतात आणि तिकीट तेच चालतं. अर्ध्याहून जास्त लॅप झाल्या असतील तर मात्र निकाल तिथेच लागू शकतो, १९७६ मध्ये १०२ लॅपवर लागला होता. २०२० मध्ये तर पाऊस नव्हता तरी करोनामुळे ऑगस्टमध्ये रिकाम्या स्टँडसमोर घेतली, आम्ही घरी टीव्हीवर बघितली, मला अजिबात बघवेना. तेव्हा चार थेंबांसाठी उठू नका. २०२४ मध्ये जवळजवळ चार तास उशीर झाला, बरेच लोक कंटाळून निघून गेले. आम्ही प्लास्टिक पांघरून बसलो. शेवटच्या लॅपला पाटो ओवार्डने पहिल्या वळणावर आघाडी घेतली आणि आमच्या समोर, तिसऱ्या वळणावर, जोसेफ न्यूगार्डन बाहेरच्या बाजूने त्याला ओलांडून जिंकला. आईबाबांसाठी रेनकोट घे, छत्री नको, मागच्यांना दिसत नाही.