जुनी पेट्रोल जीप सुरू होत नाही? कार्बोरेटरला आत्ताच हात लावू नका

नवशिक्याची हमखास चूक हीच. जेट, फ्लोट, सगळं बाकावर मांडायचं आणि दोष निघतो बॅटरीच्या टर्मिनलवर! सीजे-३बी या जुन्या जीपचं हरिकेन इंजिन साधं आहे, तेव्हा क्रमाने जा.

आधी १२ व्होल्टची बॅटरी. सेल्फ मारताना मीटर १०च्या खाली आला तर ती चार्ज करा. टर्मिनल आणि अर्थची वायर घासून घट्ट करा.

मग ठिणगी. एक प्लग काढून केबलला लावा, इंजिनच्या लोखंडाला टेकवा आणि सेल्फ मारा. जवळपास पेट्रोल सांडलेलं नको. ठिणगी निळी, कट्‌कट् वाजणारी हवी. पिवळट, मलूल असेल तर डिस्ट्रिब्युटरचं (प्लगांना वीज वाटणाऱ्या डब्याचं) झाकण उघडून पॉइंट, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे संपर्क, बघा. बहुतेक वेळा चोर इथेच सापडतो. काळे पडलेले पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करा. पूर्ण उघडल्यावर गॅप ०.५ मिमी ठेवा. खड्डे पुन्हा लगेच पडले तर कंडेन्सर बदला. केबल काढताना नंबर टाका. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२.

ठिणगी चांगली आहे? आता एअर क्लीनरचा पाइप काढा, चोक (हवेची झडप) उघडा आणि कार्बोरेटरच्या तोंडात बघत थ्रॉटल ओढा. बारीक पिचकारी उडायला हवी. कोरडंच असेल तर मागे जा: टाकी, फिल्टर, पंप.

प्लग ओला आणि पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिन ओव्हर झालंय, म्हणजे त्यात जास्त पेट्रोल गेलंय. चोक पूर्ण उघडा ठेवा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा (पंप मारत बसू नका) आणि सेल्फ एका वेळी १० सेकंदच.

टायमिंगचं (ठिणगी पडण्याच्या वेळेचं) नंतर बघू. तोवर डिस्ट्रिब्युटर फिरवू नका.