गोठ्यातलं बाळ कुठे गेलं?

प्रश्न : आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक ख्रिस्ती कुटुंब राहतं. गेल्या डिसेंबरात २२ तारखेला त्यांच्याकडे नाताळचा गोठा पाहिला. गाय, गाढव, मेंढ्या, उंटांसह तीन राजे, सगळे होते. बाळ येशू तेवढा नव्हता. मूर्ती फुटली असेल, म्हणून विचारलं नाही. आणि ही सगळी जनावरं बायबलमध्ये आहेत का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : अहो, फुटली नसणार. कपाटात असेल, कापसात गुंडाळलेली. बाळ जन्मतं २४ च्या मध्यरात्री, मग दोन दिवस आधी गव्हाणीत कसं ठेवायचं? वसईला आमच्या घरी हा मान सगळ्यात धाकट्याचा. मध्यरात्रीच्या मिस्साहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, आलं की पेंगुळल्या डोळ्यांनी बाळ ठेवायचं. सात वर्षं मी ठेवलं. मग भाऊ झाला आणि माझा मान गेला. तो राग बरीच वर्षं टिकला.

आता जनावरं. लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूची कथा सांगणाऱ्या बायबलमधल्या पुस्तकात, गव्हाण आहे, उतारशाळेत जागा नव्हती हे आहे, रानात कळप राखणारे मेंढपाळ आहेत. गाय-गाढवाचं नावही नाही. ती जोडी आली यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातून. बैल धन्याला ओळखतो, गाढव त्याची गव्हाण ओळखतं, माझ्या लोकांना मात्र कळत नाही, अशी तिथे देवाची तक्रार आहे. म्हणजे मुळात तो बैल. गाय आपण केली. उंटही यशयाचेच. बाळाला भेटायला आलेल्या राजांचं म्हणाल तर त्यांची गोष्ट सांगणारा दुसरा शुभवर्तमानकार मत्तय त्यांना राजे म्हणत नाही, संख्याही देत नाही. बाळाला आणलेल्या भेटवस्तू तीन, म्हणून माणसं तीन. आणि ती पोचतात ती गोठ्यात नव्हे, घरात. म्हणून आमची आई राजांना खिडकीपाशी ठेवायची आणि रोज वीतभर पुढे सरकवत ६ जानेवारीला, राजांच्या सणाला, गोठ्यापाशी आणायची.

गोठा घरोघरी पोचला त्यामागे संत फ्रान्सिस असिसीकरांचा मोठा वाटा. १२२३ च्या नाताळात इटलीतल्या ग्रेच्चो गावी त्यांनी गव्हाण मांडून घेतली, तीत गवत भरलं, शेजारी खराखुरा बैल आणि गाढव उभं केलं. बाळाची मूर्ती नव्हतीच! रात्री मशाली घेऊन गाव जमलं, त्या गव्हाणीवरच मिस्सा झाली. फ्रान्सिस धर्मगुरू नव्हते, त्याखालच्या पायरीवरचे उपयाजक होते. त्यांनी शुभवर्तमान गायलं आणि प्रवचन केलं. त्यांचे चरित्रकार सांगतात की ‘बेथलेहेम’ हा शब्द ते मेंढरू बेंबटावं तसा उच्चारत. मला हा तपशील फार आवडतो. एवढा मोठा संत, आणि भर मिस्सात बेंऽऽ करतोय.

याच फ्रान्सिसचे अनुयायी सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर वसईत आले. किल्ल्यात त्यांच्या चर्चचे अवशेष आजही उभे आहेत. ‘नाताळ’ हा शब्दही पोर्तुगीजांचाच, अर्थ जन्माचा. नाचणी पेरून गोठ्यात हिरवे कोंब ठेवायची रीत मात्र मला थेट तुमच्या घटस्थापनेच्या घरातली वाटते.

नाताळच्या दिवशी बैलांना आणि गाढवांना नेहमीपेक्षा जास्त चारा घालावा, अशीही फ्रान्सिसची इच्छा होती. आमच्या वडिलांनी हे कुठे वाचलेलं नव्हतं. पण मिस्साला निघण्याआधी ते बैलांपुढे पेंढ्याची एक पेंढी जादा टाकायचे आणि त्यातलाच मूठभर पेंढा आमच्या गोठ्यासाठी काढून ठेवायचे. तिथला मातीचा बैल योसेफापेक्षा मोठा होता. बाजारात दुसरा मिळालाच नाही, म्हणायचे.