छोट्या प्रकाशन संस्थेने बॅकअप घेताना आधी काय वाचवावं?

चार संगणकांवर मिळून सहा टीबी डेटा आहे, सगळ्याचा बॅकअप परवडत नाही, मग सुरुवात कशापासून करू, असं तुम्ही विचारलंय. मी छोट्या कार्यालयांचे संगणक सांभाळतो, त्यात दोन-तीन प्रकाशकही आहेत.

आधी आकाराकडे बघणं सोडा. प्रत्येक फोल्डर उघडून एवढंच विचारा: हे गेलं तर पुन्हा कुठून मिळेल, आणि तोवर काम किती दिवस अडेल? सहा टीबीतला बराचसा भाग प्रकाशन समारंभांची चित्रीकरणं, मोठे स्कॅन आणि जुन्या पीडीएफच निघतील. मुखपृष्ठ छापील पुस्तकावरून पुन्हा स्कॅन करता येतं. लेखकाने शेवटच्या प्रुफात केलेल्या दुरुस्त्या मात्र गेल्या की गेल्या.

माझ्या लेखी पहिला मान लेखकांच्या करारांचा. सगळे मिळून काही एमबी भरतील. हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावं लागतं, आणि आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं टिकतो. तेव्हा मूळ कागद जपाच, शिवाय स्कॅन दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा रोज बदलतो, म्हणून बॅकअपही रोज हवा. जीएसटीची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने ठेवावी लागतात. संपलेली वर्षं बदलत नाहीत, ती एकदाच नीट बाजूला काढून ठेवा.

सर्वांत जास्त काळजी मला जुन्या पुस्तकांच्या डीटीपी फायलींची (संगणकावर पानं लावलेल्या फायलींची) वाटते. बहुतेक मराठी प्रकाशकांकडे युनिकोडच्या (कुठल्याही संगणकावर मराठी वाचता यावं यासाठीच्या प्रमाण पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये, पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये लावलेली पुस्तकं असतात. तो फॉन्ट नसेल तर मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरं दिसतात. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती 2001 ची, आणि त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनच्या सीएस6 नंतरच्या आवृत्त्या पेजमेकरच्या फायली उघडतच नाहीत. म्हणजे फाइल सुखरूप असूनही पुस्तक हातचं जातं. प्रत्येक पुस्तकाच्या फोल्डरमध्ये फाइल, तिचे फॉन्ट, चित्रं आणि फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ एकत्र ठेवा. ज्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या निघणार आहेत, त्यांचा मजकूर आत्ताच युनिकोडमध्ये आणून घ्या आणि तो एकदा वाचून तपासा, कारण रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. हे काम वेळखाऊ आहे, पण जुना संगणक चालू आहे तोवरच ते सोपं आहे.

बॅकअपची डिस्क कायम जोडून ठेवू नका, रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतं. एक प्रत कार्यालयाबाहेर हवी. गूगल ड्राइव्हवर नुसतं सिंक (दोन्हीकडे आपोआप सारखं ठेवणं) असेल तर त्यावर विसंबू नका, इकडे पुसलेलं तिकडेही पुसलं जातं.

हे सगळं झालं की बॅकअपमधलं एखादं जुनं पुस्तक अशा संगणकावर उघडा, ज्यावर तुमचा एकही फॉन्ट टाकलेला नाही. काय राहून गेलंय ते तिथे लगेच दिसेल.