भारताचा बास्केटबॉल संघ ऑलिम्पिकमध्ये कधी खेळला आहे का?

होय, साताऱ्यात शालेय संघातून खेळणाऱ्या आपल्या मुलाला निःशंकपणे सांगावे की भारताचा पुरुष संघ 1980 च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये खेळला. सोव्हिएत संघ, ब्राझील व चेकोस्लोव्हाकिया अशा बलाढ्य संघांच्या गटात त्याचा समावेश होता आणि एकही सामना न जिंकता तो बारा संघांत बारावा आला. जिल्हा पातळीवर पंच म्हणून काम करताना खेळाच्या नियमांचा आणि जुन्या निकालांचा अभ्यास करावा लागतो, त्यातून ही माहिती दिली आहे. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी: ही संधी आशियाई विजेत्या चीनसह अनेक देशांनी बहिष्कार टाकल्यामुळे मिळाली होती, आणि त्यानंतर आजवर भारताला पात्रता मिळवता आलेली नाही. तरीही 1975 च्या आशियाई स्पर्धेत चौथा आलेला हा देश केवळ नशिबाने तेथे पोहोचला, असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्या वेळचे गुणफलक वाचताना पुढील फरक लक्षात ठेवावेत:

- तीन गुणांची रेषा आंतरराष्ट्रीय नियमांत 1984 मध्ये आली. त्यापूर्वी लांबून टाकलेल्या बास्केटलाही दोनच गुण मिळत.
- सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन सत्रांचा असे.
- व्यावसायिक खेळाडूंना 1989 पर्यंत मज्जाव होता.